मुदतीत हरकत आली नाही

लिफ्टचं दार मिटत असताना एक हात मध्ये आला, दार पुन्हा उघडलं आणि आमचे थोरले आत आले. थोरले हे त्यांचं नाव नव्हे. जगातल्या अवाढव्य विमा दलाली कंपन्यांचे ते प्रतिनिधी, म्हणून आमच्या कार्यालयात सगळे त्यांना थोरले म्हणतात, अर्थात पाठीमागे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी नीट पाहिलेलं नाही. बैठकीत मी अगदी समोर बसतो, तरी त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या खिडकीकडे जाते. आज मात्र ते माझ्याकडे बघून हसले, दात दिसतील इतके, आणि म्हणाले, "आभारी आहे हं तुमचा. मसुदा छान आटोपशीर झालाय." मी सवयीने म्हणालो, "अहो, त्यात काय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आपला मजला आल्यावर काढून घेतला आणि निघून गेले. लिफ्ट वर गेली, मी मात्र त्या आभारांपाशीच अडकून राहिलो. हात होता तिथे खांदा कोमट वाटत होता. त्यांनी शिवी दिली असती तर मी ती दुपारपर्यंत विसरलो असतो. आभारांचं तसं नसतं. ते कशाबद्दल, हे कळेपर्यंत माणसाला चैन पडत नाही, निदान मला तरी नाही. शिवाय मी काही दिवस तापाने अंथरुणात होतो. आजच कामावर आलो होतो. अंथरुणात पडल्या पडल्या मी जगाचं असं काय भलं केलं?

माझं काम सांगायला लागलो की समोरचा घड्याळ बघायला लागतो, म्हणून थोडक्यात सांगतो. विमा कंपनी आणि विमा घेणारा यांच्या मध्ये एक माणूस असतो. तो कंपनीचा नोकर नसतो, गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो. त्याला दलाल म्हणतात. कागदावर आम्ही मध्यस्थ लिहितो, कारण दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात. देशोदेशी या मध्यस्थांच्या संघटना आहेत, आणि त्या सगळ्यांचा मिळून आमचा महासंघ. पलीकडे देशोदेशीचे विमा नियंत्रक आहेत, त्यांचीही एक जागतिक परिषद आहे. ती परिषद तत्त्वं ठरवते आणि त्या तत्त्वांवरून मग घरोघरचे कायदे होतात. तत्त्व पक्कं करण्याआधी परिषद विचारते, कुणाला काही म्हणायचंय का? तेव्हा जगातल्या झाडून सगळ्या मध्यस्थांच्या वतीने एकच निवेदन जातं. ते मी लिहितो. खाली मसुदाकार म्हणून माझं नाव असतं. बायको म्हणते, "कुणीही न वाचणारं लिहून पगार घेणारा तू एकटाच." यावर आम्ही दोघंही हसतो, ती जरा जास्त.

जागेवर बसलो, कोट तसाच अंगात, आणि पहिल्यांदा मसुदा उघडला. आज संध्याकाळी त्यावर हरकत घ्यायची मुदत संपत होती, उद्या तो परिषदेकडे जाणार होता. वरवर पाहिलं तर सगळं माझंच होतं. माझी वाक्यं, माझे अर्धविराम, मला उगाच आवडणारं ते 'तथापि'. मग देखरेखीच्या परिच्छेदापाशी आलो आणि मनात पाल चुकचुकली. परिषदेचा नवा नियम असा होता की प्रत्येक मध्यस्थाच्या कार्यालयात एक स्वतंत्र देखरेख अधिकारी असलाच पाहिजे, आणि त्याने विक्रीच्या कामाला हात लावता कामा नये. कल्पना वाईट नाही. पण मी त्याखाली एक वाक्य घातलं होतं, की जिथे सारं कार्यालयच दोन-तीन माणसांचं आहे तिथे मालकाने स्वतः देखरेख केली तरी चालावी. ते वाक्य नव्हतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य एकमेकांना असं चिकटलं होतं की मध्ये कधी काही होतं असं कुणाच्या बापाला वाटलं नसतं. मी परिच्छेद पुन्हा वाचला. मग वर जाऊन पुन्हा खाली आलो, जणू ते वाक्य जिन्यात वगैरे बसलं असेल. नव्हतं. थोरल्यांच्या आभारांचा अर्थ तेवढ्यात लख्ख कळला. त्यांच्या कंपन्यांत देखरेख अधिकाऱ्यांचे मजलेच्या मजले आहेत. नियमाने त्यांचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते लहानांचं, आणि लहान बंद पडले की त्यांची गिऱ्हाइकं कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

लहान म्हणजे माझ्यासाठी ताई. ताईचं कार्यालय म्हणजे बाजाराच्या रस्त्यावर एक खोली, पुढे काचेचं दार, आत दोन टेबलं. एकावर ताई, दुसऱ्यावर आम्ही जिला मावशी म्हणतो ती बाबांच्या वेळची मदतनीस, जिला आता कमी ऐकू येतं आणि म्हणून जी फोनवर फार मोठ्याने बोलते. यातली विक्री न करणारी स्वतंत्र अधिकारी कोण होणार? मावशीने विक्री थांबवली तर ताईला कळणारही नाही, कारण ती मुळात कधी केलेलीच नाही. पण परिषदेच्या भाषेत अधिकारी म्हणजे शिकलेला, पगारी, वेगळ्या खोलीत बसणारा माणूस. ते ताईला झेपणार नाही. परवाना गेला की काचेचं दार कायमचं बंद. ही खोली आधी बाबांची होती. मी शाळेत असताना मला पोरं 'दलालाचा मुलगा' म्हणून चिडवत, आणि मी घरी येऊन बाबांशी अबोला धरी. बाबा समजूत घालत नसत. एकदा मात्र मला बरोबर घेऊन गेले. कापडाचं एक दुकान जळालं होतं. आत ओल्या राखेचा वास होता, नाकात राहणारा, आणि दुकानदार उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून हाताचे तळवे बघत होता. विमा कंपनीचा माणूस चकचकीत बूट घालून आला आणि तारांविषयी, कुलपाविषयी, काय काय विचारायला लागला. बाबा दुकानदाराच्या शेजारी राखेतच बसले, पँटसकट, आणि प्रत्येक प्रश्नाला आधी म्हणत, "थांबा, यांना आठवू द्या." बस, एवढंच. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही, उलट पँट खराब झाल्याची लाज वाटली. ताई त्या दिवशी बरोबर नव्हती, तरी बाबांसारखं बसणं तिलाच जमलं. मी शहरात आलो, भाषा सुधारली, आणि राखेत बसणाऱ्यांच्या वतीने गालिच्यावर बसून लिहू लागलो. ते एक वाक्य हे माझं त्या खोलीशी उरलेलं नातं होतं. मला ते फार जवळचं होतं, हे मी कार्यालयात कुणाला सांगितलं नव्हतं.

मग कुणी काढलं ते? मी मान वर करून पाहिलं. पलीकडे समन्वय बघणाऱ्या बाई कानात तार घालून कुणाशीतरी बोलत होत्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवला. एरवी हलवतात का? मला आठवेना. छपाई करणारा यंत्राशी झटत होता, त्याने विचारलं, "बरं वाटतंय का आता?" यातही मला 'आता' खटकलं. संशयाचं असं असतं, एकदा शिरला की तो घरातल्या प्रत्येक खुर्चीवर बसून बघतो. मी पाणी प्यायलो. ते कोमट होतं. बाईंकडे गेलो आणि शक्य तितकं सहज विचारलं, "मसुद्यात शेवटचा हात कुणाचा फिरला हो?"

"सरांचा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहितीये ना? मला वाटलं तुमचं बोलणं झालंय."

"हो हो, झालंय," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे. काही माहीत नाही असं दाखवणं मला त्या इमारतीत नेहमीच धोक्याचं वाटत आलं आहे.

आमचे सरचिटणीस गोड माणूस आहेत. हे मी तक्रार म्हणून सांगतोय. त्यांच्या खोलीत शिरलं की ते उठून उभे राहतात, खुर्ची पुढे करतात, मुलांच्या परीक्षा विचारतात, आणि आपण बाहेर आल्यावर लक्षात येतं की ज्यासाठी गेलो ते राहूनच गेलं. म्हणून या वेळी मी बसलोच नाही. म्हणालो, "सर, लहान कार्यालयांचं वाक्य गेलंय."

"अरे, ये ये. ताप उतरला? चेहरा अजून उतरलेला आहे." त्यांनी चष्मा काढला. "कुठलं वाक्य? हां, ते. लांबट होत होतं रे. परिषदेने पानांची मर्यादा घातलीय, काहीतरी कापायलाच हवं होतं. आणि कुणाचीच हरकत आलेली नाही."

इथे आमची पद्धत सांगायला हवी. इतक्या संघटनांकडून एकेक होकार गोळा करायचा तर जन्म जाईल, म्हणून महासंघ सगळ्यांना मसुदा पाठवतो आणि मुदत देतो. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही तर सगळ्यांना मान्य आहे असं धरलं जातं. गप्प बसणं म्हणजे होकार. एकाने जरी हरकत घेतली तरी निवेदन थांबतं आणि पुन्हा बोलणी होतात. पण एकजण क्वचितच घेतो, कारण सगळ्या जगाला थांबवणारा एकटा आपण असावं असं कुणाला वाटतं? ही पद्धत सुरू झाली तेव्हा तिचं कौतुक करणारं टिपणही मीच लिहिलं होतं, आणि त्यात तिला 'परस्परविश्वासावर उभी' असं म्हटलं होतं.

"सर, पण माझ्या नावाने गेलंय ते," मी म्हणालो. "मला विचारलं नाही."

"विचारलं ना. तुलाही पाठवलं होतं." त्यांचा आवाज अजूनही गोडच होता. "सगळ्यांत आधी तुला. तुझंही उत्तर आलं नाही. मी धरून चाललो."

मला ती मेल आठवत होती, म्हणजे तिचं शीर्षक. तापात फोन हातात घेतला होता, उशीला घामाचा वास येत होता, आणि आपलाच मसुदा आहे म्हटल्यावर न उघडता फोन उपडा ठेवून दिला होता. स्वतःचं लिहिलेलं कोण वाचतं? पण मग ते मला ताप आलाय हे माहीत असतानाच का पाठवावं त्यांनी? की ताप आलाय म्हणूनच? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर काळजी होती, खरीखुरी असावी तशी. ताकास तूर लागू न देणारे चेहरे मी पाहिले आहेत. हा त्यातला नव्हता, आणि त्यामुळेच मला तो जास्त संशयास्पद वाटला. आजही मला ठाऊक नाही, तो माणूस पानं वाचवत होता की आणखी काही.

"आता परत घालता नाही का येणार?" मी विचारलं.

"मी कसा घालू? आणि तू तर कर्मचारी, शिवाय मसुदाकार. स्वतःच्याच मसुद्याला हरकत घेणार?" ते हसले. "एखाद्या संघटनेला वाटलं तर घेईल ना. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तुझ्या बहिणीच्या संघटनेचीसुद्धा काही हरकत नाही, म्हणजे बघ."

हे मात्र जिव्हारी लागलं. आमच्या देशातल्या मध्यस्थांच्या संघटनेची ताई अध्यक्ष आहे. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून झाली, आणि आता तिला सोडायला कुणी तयार नाही. म्हणजे मसुदा तिच्याकडे गेला होता. जिचं दार बंद होणार तीच गप्प बसली होती. मी जागेवर येऊन बसलो आणि डोक्यात आलं ते इतकं घाणेरडं होतं की मी आधी आजूबाजूला पाहिलं. ताईने तर काही ठरवलं नसेल ना? गेल्या वर्षी सगळ्या संघटनांची सभा झाली तेव्हा चहाच्या वेळी ती थोरल्यांच्या टेबलाशी बसली होती. हसत होती. मी जवळ गेल्यावर दोघं बोलायचे थांबले. की मला तसं वाटलं? नंतर ती म्हणाली होती, "माणूस तसा वाईट नाही रे." ताई कुणालाच वाईट म्हणत नाही, हे मला माहीत होतं, पण तेव्हा ते मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी टोचलं आणि तिथेच राहिलं. मागे घरी गेलो तेव्हा भावोजी जेवताना म्हणाले होते, "तिने आता थांबायला हवं, किती दिवस ओढणार?" आणि ताईने भावोजींकडे बघितलं होतं, एक नेहमीपेक्षा लांब बघणं. कार्यालयाच्या भिंतीला नवा रंग होता. विकायच्या आधी लोक रंग देतात. हे सगळं तुकडे तुकडे होतं, आणि मी बसल्या जागी ते इतक्या हौसेने जोडत होतो की मला स्वतःची किळस आली. जिने मला हाताला धरून शाळेत नेलं, ज्या पोरांनी मला चिडवलं त्यातल्या एकाच्या थोबाडीत मारून स्वतः मार खाल्ला, तिच्यावर मी भिंतीच्या रंगावरून खटला चालवत होतो. तरी थांबवता येईना. कुठेतरी पाणी मुरतंय असं एकदा मनाने घेतलं की सुकी भिंतसुद्धा हाताला ओली लागते.

जिन्यात जाऊन फोन लावला. आधी मावशीने घेतला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात "तुझाच फोन गं" म्हणून ओरडली. मग ताई आली.

"काय रे, ताप गेला का? बायको म्हणाली तुझी, नीट खात नाहीस."

"गेला. ताई, तो देखरेखीचा मसुदा आलाय ना तुझ्याकडे?" मी मुद्दाम एवढंच म्हणालो. तिच्या आवाजात काही हलतं का ते मी ऐकत होतो.

"आला असेल. हो, आलाय. का?"

"तुला मान्य आहे तो?"

"म्हणजे काय? तुझाच आहे ना?"

"तू वाचलास का?"

ती हसली. "नाही बाबा. खाली तुझं नाव होतं. तुझं नाव असलं की मी वाचत नाही. एवढे कागद येतात, तेवढाच एक वाचायचा वाचतो."

जिन्याच्या भिंतीला मी डोकं टेकवलं. भिंत थंडगार होती. विकणं नाही, थोरले नाहीत, काही नाही. तिने माझं नाव बघितलं आणि पुढे गेली. माझ्या मनातली ती सगळी जुळवाजुळव कोसळली आणि मला इतकं हलकं वाटलं की मी जरा जास्तच भरभर बोललो. वाक्य कसं गेलं, त्याने तिच्या कार्यालयाचं काय होईल, संध्याकाळच्या आत तिने हरकत घेतली पाहिजे, एक ओळही पुरेल, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. तिकडून टेबलाचा खण उघडल्याचा आणि मग कळफलकाचा आवाज आला. ती मसुदा शोधत असावी.

"मग हे आज का सांगतोयस?" ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. गिऱ्हाइकाला विचारतात तसा होता, नीट समजून घ्यायला. "मसुदा येऊन बरेच दिवस झाले की."

"मला आजच कळलं."

"तुझ्या मसुद्यातलं वाक्य गेलेलं तुला आज कळलं?"

"सरांनी परस्पर काढलं."

"तुला दाखवलं नाही?"

इथे खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. ताप होता, मेल उघडली नाही, एवढंच तर होतं. पण सकाळपासून मी ज्याला त्याला ज्या नजरेने बघत होतो, त्याच नजरेने मला आता स्वतःचं उत्तर दिसलं. पाठवलं होतं, पण मी उघडलं नाही: हे कुणी मला सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता का? माझाच माझ्यावर बसला नसता. म्हणून मी म्हणालो, "नाही. मला पाठवलंच नव्हतं."

तिकडे कळफलक पुन्हा वाजला. मागे मावशी कुणाला तरी मोठमोठ्याने पत्ता सांगत होती. मला वाटलं, ताई वाचतेय.

"मेलच्या वर सगळ्यांचे पत्ते दिसतात रे," ती म्हणाली. "तुझा पहिलाच आहे."

"ताई, अगं, मला ताप होता. मी उघडलाच नाही तो. माझाच मसुदा म्हणून..."

"मग तसं सांगायचंस ना."

"सांगणारच होतो."

"मी कुठे काय म्हणत होते? मी विचारलं फक्त." मग हळू आवाजात, मावशीला ऐकू जाऊ नये अशा, म्हणाली, "खरं सांग. ते वाक्य तू काढलंस का? तिथे तुझ्यावर काही दडपण आलं असेल तर मला कळेल रे. पण आता आयत्या वेळी माझ्याकडून हरकत घ्यायला लावून तू यातून सुटायला बघतोयस का?"

"मी नाही काढलं. शपथ."

"बरं."

तो 'बरं' मी ओळखत होतो. बाबा विमा कंपनीच्या माणसाला म्हणायचे तो. मी आणखी बोलत राहिलो, पानांची मर्यादा, थोरल्यांचे आभार, लिफ्ट, खांद्यावरचा हात, आणि बोलता बोलता माझ्याच कानांना ऐकू येत होतं की हे सगळं एखाद्या लबाडाने रचून सांगावं तसं वाटतंय. खरं असून. किंबहुना खरं असल्यामुळेच त्यात इतके बारीक तपशील होते. मला रडू येत होतं. जिन्यावरून कुणी खाली उतरलं, मी तोंड भिंतीकडे केलं.

"ठेव आता," ताई म्हणाली. "मला वाचायचंय. पहिल्यापासून."

तिची हरकत मुदतीच्या आत आली. जगभरातून आलेली ती एकच. सरचिटणीस स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले, म्हणाले, "बहीण बारकाईने वाचते हं तुझी," आणि त्यांच्या चेहऱ्यावर या वेळीही काही सापडलं नाही. निवेदन थांबलं. पुढे बोलणी झाली आणि लहान कार्यालयांचं वाक्य परत आलं, माझ्यापेक्षा सोप्या आणि पक्क्या शब्दांत. काचेचं दार वाचलं. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी तिची हरकत उघडली तेव्हा पहिल्यांदा लांबी बघून दचकलो. तिने एक ओळ लिहिली नव्हती. गेलेल्या वाक्याची मागणी सगळ्यांत वर होती, आणि त्याखाली माझ्या मसुद्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला प्रश्न होता. हे कुणाच्या सांगण्यावरून? याचा फायदा कुणाला? इथे 'तथापि' का? जी वाक्यं मी तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती, तिच्या भल्याची, त्यांनाही तिने तितक्याच कोरडेपणाने विचारलं होतं. एकही प्रश्न चुकीचा नव्हता. खाली तिचं पूर्ण नाव, पद, संघटनेचा शिक्का.

आमच्याकडे हरकत मसुदाकाराच्या नावे पाठवायची असते, म्हणून ती माझ्याच नावे आली होती. सुरुवात 'महोदय' अशी होती.